आधी नंबर, मग पत्रा, मग गाडी

मंडळी, १९६१च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनात जॅग्वारने ई-टाइप ही स्पोर्ट्स कार मांडली. उत्पादन बंद होईपर्यंत ७२ हजारांवर गाड्या निघाल्या आणि त्यातल्या बहुसंख्य अमेरिकेला गेल्या. एमजी कंपनीची एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं बनत होती, पाच लाखांच्या वर. तिचंही सर्वात मोठं गिऱ्हाईक अमेरिकाच. त्यामुळे आज जुनी इंग्रजी स्पोर्ट्स कार हवी असली की खुद्द इंग्लंडमधला माणूससुद्धा कॅलिफोर्नियाच्या जाहिराती चाळत बसतो. परदेशातून गाडी आणणं हे आता फक्त धनिकांचं खूळ उरलेलं नाही. पण पैसे बुडतात ते बहुधा समुद्रात नाही. फोटो बघून 'घेतली' म्हटलं, त्या क्षणी बुडतात.

म्हणून पहिलं काम रूक्ष आहे. गाडीच्या प्रेमात पडण्याआधी आपल्या देशाचा कायदा वाचा. अमेरिकेत परदेशी बाजारासाठी बनलेली गाडी २५ वर्षांची झाली की सुरक्षेच्या मानकांतून सुटते, आणि ही २५ वर्षं मोजतात ती गाडी बनल्याच्या महिन्यापासून. १९८९ला आलेल्या निसान स्कायलाइन जीटी-आरसाठी तिथले शौकीन २०१४ची वाट बघत बसले होते, ते यामुळेच. ऑस्ट्रेलियात गाडी बोटीवर चढण्याआधी आयातीची मंजुरी हातात लागते. शिवाय तिथे अ‍ॅस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी आहे. जुन्या गाडीचे ब्रेक लायनर, क्लच प्लेट, गॅस्केट यांत ते हमखास असायचं. ते काढून टाकल्याचा पुरावा नसेल तर गाडी बंदरात अडकते आणि तपासणीचा खर्च मालकाच्या माथी. आणि अडवणूक नेहमी आत येतानाच होते असं नाही. इटलीत ७५ वर्षांवरची गाडी सांस्कृतिक ठेव्याच्या कायद्याखाली येते. ती देशाबाहेर काढायलाच परवाना लागतो.

आता नंबर. या विषयावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक इथेच घाई करतात. सतरा अक्षरांचा चासी नंबर (चासी म्हणजे गाडीचा सांगाडा) १९८१पासून ठरून गेला. त्याआधी प्रत्येक कंपनीची आपापली रीत. ई-टाइपचं बॉनेट उघडलंत तर आत एक पट्टी दिसेल. तिच्यावर चार नंबर असतात: गाडीचा, इंजिनचा, बॉडीचा आणि गिअरबॉक्सचा. पट्टी काय, दोन रिव्हेट काढले की बदलता येते. म्हणून पट्टी वाचून समाधान मानू नका. पुढच्या फ्रेमवर ठोकलेला नंबर शोधा, इंजिनच्या ब्लॉकवरचा शोधा, ब्लॉकवर बसणाऱ्या हेडवरचा शोधा. टॉर्च तिरपा धरा आणि ठोकलेल्या आकड्यांच्या आजूबाजूचा धातू बघा. तिथे ग्राइंडर फिरल्याचे बारीक ओरखडे, आकड्यांची उंची कमीजास्त, एखादा आकडा जरा खोल, असं काही दिसलं तर विक्रेत्याचा चहा घ्या, आभार माना आणि निघा.

मग हे नंबर कारखान्याच्या नोंदींशी ताडून बघायचे. जॅग्वारचा हेरिटेज ट्रस्ट, एमजीसाठी गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम अशा संस्था जुन्या नोंदवह्यांवरून प्रमाणपत्र देतात. गाडी कधी बनली, मूळ रंग कोणता, इंजिन नंबर काय, कुठल्या विक्रेत्याकडे रवाना झाली, हे त्यात येतं. लाल म्हणून विकली जाणारी गाडी जन्माने करडी निघणं ही तर रोजची गोष्ट.

कुणी म्हणेल, पन्नास-साठ वर्षांत सुटे भाग बदलणारच, मग एवढा काथ्याकूट कशाला? हा वाद लंडनच्या उच्च न्यायालयात झाला आहे. १९२९ आणि १९३०, दोन्ही वर्षी ल मान्सची शर्यत जिंकलेली बेंटली स्पीड सिक्स, टोपणनाव 'ओल्ड नंबर वन'. ती विकायचा करार झाला आणि नंतर खरेदीदार म्हणाला, ही ती गाडीच नव्हे, हिच्यात मूळचं काही उरलेलं नाही. १९९० साली न्यायाधीशांनी निकाल दिला तो गाडीच्या बाजूने. भाग बदलत गेले हे खरं, पण ते एकाच गाडीच्या सलग आयुष्यात बदलले आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, असा त्याचा आशय. मला हा निकाल पटतो. सलग इतिहास कागदावर दिसला पाहिजे. पावत्या, जुन्या नोंदण्या, मालकांची साखळी. मधली पंधरा वर्षं कोरी असतील तर ती का कोरी आहेत, हे विक्रेत्याने सांगायला हवं.

आणि हे नुसतं शौकिनांचं सोवळं नाही, त्यात रोकडा पैसा आहे. ब्रिटनमध्ये ३० वर्षांवरची, मूळ स्वरूपातली आणि जिचं मॉडेल बंद झालं आहे अशी गाडी संग्राह्य वस्तू म्हणून दाखवता येते. मग सीमाशुल्क शून्य आणि व्हॅट ५ टक्के. नाहीतर साध्या मोटारीसारखं शुल्क, वर २० टक्के व्हॅट. हौसेने आधुनिक इंजिन बसवलेली गाडी ही सवलत गमावून बसू शकते.

आता गुडघे टेकायची तयारी ठेवा. गंज आतून येतो. एमजीबीला वेगळी चासी नाही, दारांखालचे पोकळ सिल हेच तिचं बळ. आतले थर कुजलेले तसेच ठेवून वरून नवा पत्रा जोडला की बाहेरून सगळं लख्ख दिसतं. खरं बघायचं असेल तर दार लावा आणि दाराच्या मागच्या कडेची फट वरून खाली नीट बघा. मग गाडी जॅकवर घ्या आणि पुन्हा तीच फट बघा. फट बदलली, दार अडकायला लागलं, तर सांगाडा वाकतोय. पोर्शे ९११ घेत असाल तर १९७६च्या मॉडेलपासून पत्र्याला जस्ताचा मुलामा आहे. त्याआधीचीला जास्त वेळ द्या. गंज झाकणारी पुट्टी शोधायला फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. लोटस इलानला मात्र ते लावू नका. बॉडी फायबरग्लासची, उगाच घाबराल! तिचा पोलादी कणा खाली आहे, तो बघा.

कोरड्या हवेतल्या गाडीचे डॅशबोर्ड तडकलेले असतात, रबर कडक होतं. हे सगळं नवं मिळतं. कुजलेला मजला मात्र वेल्डिंगवाल्याच्या तासांनी भरून निघतो, आणि ते तास कधीच अंदाजात बसत नाहीत. तपासणारा माणूस आपण नेमलेला हवा, विक्रेत्याने सुचवलेला नको. आणि आपण पोहोचेपर्यंत इंजिन गार ठेवायला सांगा. आधीच तापवून ठेवलेलं इंजिन बरंच काही लपवतं.

हिशेब साधा आहे, पण लोक एक पायरी विसरतात. समजा गाडी १००ची, भाडं आणि विमा १०. बऱ्याच देशांत शुल्क ११०वर लागतं. ते १० टक्के धरलं तर १२१. त्यावर २० टक्के व्हॅट, म्हणजे १४५च्या वर, आणि अजून दुरुस्ती सुरूच झालेली नाही. भाडं मात्र सडक्या गाडीला आणि चांगल्या गाडीला सारखंच. म्हणून 'स्वस्तात मिळतेय, घरी आणून करू' हे गणित बहुतेकदा फसतं. इंजिन जाम झालेली, पण कोरडी आणि नंबर जुळणारी गाडी असेल तर गोष्ट वेगळी.

बोटीचं थोडक्यात सांगतो. गाडी चालवत बोटीवर चढवतात ती पद्धत स्वस्त, कंटेनर महाग. जिचं इंजिन भरवशाचं नाही तिला कंटेनरच. अमेरिकेतून निघताना मालकीचं मूळ कागदपत्र निर्यातीच्या किमान ७२ तास आधी कस्टमकडे द्यावं लागतं. तेव्हा 'कागद मागाहून पाठवतो' म्हणणाऱ्याला पैसेही मागाहूनच पाठवा. विमा मात्र टाळू नका, तोही विमा कंपनीशी आधीच ठरवलेल्या किमतीचा. २०२२ला 'फेलिसिटी एस' ही मालवाहू बोट आग लागून अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांजवळ बुडाली, सुमारे चार हजार गाड्या घेऊन. आपल्या मालाला ओरखडाही न पडता भुर्दंड बसू शकतो, तो वेगळाच. २०२१ला 'एव्हर गिव्हन' ही कंटेनरची बोट सुएझ कालव्यात रुतली, तेव्हा जहाजमालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं. म्हणजे जहाज वाचवायचा खर्च सगळ्या मालवाल्यांनी वाटून घ्यायचा. हमी दिल्याशिवाय माल सुटत नाही. विमा असेल तर ती विमा कंपनी देते; नसेल तर आपल्या खिशातून.

गाडी आली की बंदरातून माल सोडवणारा क्लिअरिंग एजंट पावती पुढे करेल. आधी कंटेनरचं सील तपासा, दार उघडताना फोटो काढा, चारी बाजूंनी फिरा, खाली वाकून पट्टे कुठे बांधलेत ते बघा. नुकसान दिसलं तर ते पावतीवर लिहा आणि मगच सही करा. पेट्रोल जुनं असेल, ते काढून टाका. ब्रेकच्या पायपा बघेपर्यंत चावी कुणाच्या हातात देऊ नका, स्वतःच्याही नाही.