छोट्या टाकीतल्या प्रवाळांना उजेड किती?

समुद्री टाकी, म्हणजे खाऱ्या पाण्याचं मत्स्यालय, घरी ठेवायची म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: "किती वॅटचा लाइट घेऊ?" वॅटवरून लाइट वीज किती खातो ते कळतं. प्रवाळापर्यंत उजेड किती पोचतो, ते कळत नाही.

प्रवाळ हा प्राणी. पण त्याच्या पेशींत झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रकाशसंश्लेषणातून केलेल्या अन्नाचा मोठा वाटा त्याला देतं. म्हणजे आपण लाइट घेतो तो या शैवालासाठी. त्याच्या कामाचा प्रकाश 400 ते 700 नॅनोमीटर तरंगलांबीचा, आणि तो मोजतात 'पार'मध्ये, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला किती मायक्रोमोल फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पडतात त्यावर. लक्स मीटर इथे चक्क फसवतो. तो माणसाच्या डोळ्याच्या हिशेबाने बनवलेला असतो, आणि आपल्या डोळ्याला सगळ्यात जास्त जाणवतो तो 555 नॅनोमीटरच्या आसपासचा हिरवा-पिवळा. निळ्या लाइटखाली लक्सचा आकडा खाली येतो, आपल्याला वाटतं उजेड कमी पडतोय, आणि आपण बटण वर सरकवतो. तिथेच घात होतो.

निळाच का, असं विचाराल. तांबडा प्रकाश पाणी पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकतं, खोलवर पोचतो तो निळा. प्रवाळातलं शैवालही तो उत्तम वापरतं. शिवाय प्रवाळातली चमकणारी प्रथिनं निळ्या-जांभळ्या उजेडात हिरवी, नारिंगी पेटल्यासारखी दिसतात. ही हौस आपली, आणि ती करायला माझी ना नाही. फक्त नुसत्या निळ्यात टाकी चोवीस तास डिस्कोथेक करू नका. त्या झगमगाटात फिका पडत चाललेला प्रवाळही झकास दिसतो. रोज थोडा वेळ लाइटमधल्या पांढऱ्या दिव्यांचा चॅनेल वाढवा आणि तेव्हा नीट बघा.

आता आकडे. मश्रूम प्रवाळांना आणि बहुतेक मऊ प्रवाळांना 50 ते 100 पार पुरतो. मोठ्या पॉलिपच्या (पॉलिप म्हणजे प्रवाळाचा एकेक छोटा जीव), म्हणजे एलपीएस प्रवाळांना साधारण 80 ते 150. अक्रोपोरासारख्या छोट्या पॉलिपच्या, म्हणजे एसपीएस प्रवाळांना 200 ते 350. हे ढोबळ आहेत, पण सुरुवातीला पुरेसे.

छोट्या टाकीत खरी अडचण उजेड कमी पडण्याची नसतेच, जास्त होण्याची असते. तीस सेंटीमीटर खोलीची टाकी आणि वर लेन्सवाला ताकदीचा एलईडी: बरोबर त्याच्याखाली 300 आणि कोपऱ्यात 60, असं सहज होतं. पार मीटर मिळाला तर सेन्सर पाण्याच्या वरवर न धरता प्रवाळ ठेवायचा आहे त्या दगडावर टेकवा. एकाच टाकीत दोन-तीन वेगवेगळे शेजार सापडतील. त्याप्रमाणे प्रवाळ बसवा.

मीटर नसेल तर प्रवाळच सांगतो. उजेड कमी पडला की झोअँथिडचे, म्हणजे बटणांसारख्या दिसणाऱ्या मऊ पॉलिपांचे, देठ लांब होऊन वर ताणले जातात, आणि एसपीएस तपकिरी पडतात, कारण आतलं शैवाल वाढतं. जास्त झाला तर मश्रूमची चकती आक्रसते, कडा आत वळतात. त्याहून पुढे गेलं तर शैवालात घातक ऑक्सिजन-रेणू साठतात आणि प्रवाळ ते शैवालच बाहेर टाकतो. मग खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. उपाशी प्रवाळ काही दिवस तग धरतो, भाजलेल्याला सावरणं अवघड जातं, म्हणून मी नेहमी कमीकडे झुकतो.

तास आणि तीव्रता एकत्र मोजा. 150 पार आठ तास आणि 100 पार बारा तास, दोन्हींची दिवसाची बेरीज एकच. पण तास वाढवले की काचेवरच्या शेवाळाचंही फावतं. मी आठ-नऊ तासांवर थांबतो.

उष्णता मात्र विसरू नका. पाणी थोडं, त्यामुळे ते लवकर तापतं. पंखा लावला तर बाष्पीभवन वाढतं, आणि उडालेल्या पाण्याची भर गोड्या, शुद्ध पाण्यानेच घालायची. मीठ टाकीतच राहिलेलं असतं.

नवा लाइट आणला की चाळीस टक्क्यांवर सुरू करा आणि दर आठवड्याला पाच-दहा टक्के वाढवा. त्या काळात प्रवाळाची जागा हलवू नका, खतं-पुरकं बदलू नका. नाहीतर काय मानवलं आणि काय बाधलं, ते कळायला मार्गच उरत नाही.