कर्नलला पॅच पाठवताय? ‘का’ ते लिहा!

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न: “ताई, लिनक्स कर्नलला पुल रिक्वेस्ट कशी टाकायची?” म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात ‘माझा बदल घ्या’ अशी वेबसाइटवरून विनंती. टाकायचीच नाही! गिटहब या कोडच्या साइटवर लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांचं रेपो, म्हणजे कोडचं भांडार, दिसतं, पण बदल तिथून घेत नाहीत. पॅच, म्हणजे कोडमधला तुमचा बदल, ईमेलने जातो, साध्या मजकुरात, अटॅचमेंट न करता.

बाकीचं पटापट. क्लोन (कोडची प्रत), ब्रँच (बदलासाठी वेगळी शाखा), बदल, बिल्ड. चेकपॅच ही तपासणीची स्क्रिप्ट चालवा, गेट-मेंटेनर स्क्रिप्टला विचारा कुणाला पाठवायचं, मग गिट सेंड-ईमेलने पाठवा. कमांड खाली डिस्क्रिप्शनमध्ये आहेत.

आता माझं दुखणं. कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची टीप! लोक लिहितात, “एरर पाथमध्ये क्लॉक डिसेबल केला.” अहो, ते डिफमध्ये, म्हणजे बदललेल्या ओळींत, दिसतंयच की! का केला? असं लिहा: “प्रोबमध्ये आयआरक्यू मिळाला नाही तर फंक्शन तसंच परत फिरतं आणि क्लॉक चालूच राहतो.” (प्रोब म्हणजे ड्रायव्हर डिव्हाइस सुरू करतो ती पायरी, आयआरक्यू म्हणजे डिव्हाइसची इंटरप्ट लाइन.) आता मेंटेनरला, म्हणजे त्या भागाचा कोड सांभाळणाऱ्याला, कळलं काय बिघडत होतं. तो बिचारा दिवसभर पॅचच वाचतोय, तुमच्या मनातलं त्याने ओळखायचं का?

बरं, मेंटेनर हुशार आहे, समजून घेईल म्हणा. पण काही वर्षांनी कुणीतरी त्या ओळीवर गिट ब्लेम मारणार, म्हणजे ती कुठल्या कमिटने आली ते बघणार. ‘का’ लिहिलेलं नसेल तर “ही ओळ कशाला?” म्हणून उडवणार, आणि तोच बग परत. म्हणून तर ‘फिक्सेस’चा टॅग असतो: ज्या कमिटने घोळ घातला, त्याच्या हॅशची (ओळख-कोडची) पहिली १२ अक्षरं आणि शीर्षक. आधीच्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या घालणाऱ्या स्टेबलवाल्यांनाही त्याचा उपयोग होतो.

आणि ‘का’ लिहायला बसलात आणि काही सुचेचना, तर पॅचच नको असेल! आठवतंय ना, २०२० चं हॅक्टोबरफेस्ट? ओपन सोर्स प्रोजेक्टना पुल रिक्वेस्ट टाकल्या की टी-शर्ट मिळायचा, म्हणून रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या फाइलमध्ये) “अमेझिंग प्रोजेक्ट” चिकटवत सुटले लोक. शेवटी आयोजकांनी नियम बदलला: ज्या प्रोजेक्टने स्वतःहून होकार दिला, तिथलंच मोजणार. त्यातल्या एकालाही ‘का’ लिहिता आलं नसतं. टी-शर्ट पाहिजे म्हणून, दुसरं काय!

एकाने विचारलंय, “माझं इंग्रजी कच्चं आहे, चालेल का?” चालेल हो. छोटी वाक्यं लिहा. ‘फिक्स्ड’ नाही, ‘फिक्स’, आज्ञा दिल्यासारखं. सगळ्यात खाली साइन्ड-ऑफ-बाय ही ओळ, तुमच्या नावाने. ही पद्धत २००४ पासूनची. हा कोड द्यायचा मला हक्क आहे, असं तुम्ही त्यात सांगता. निनावी चालत नाही.

पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी “एनी अपडेट?” करू नका. आठवडाभर थांबा, मर्ज विंडो (नवे बदल मुख्य कोडमध्ये घ्यायचा काळ) चालू असेल तर आणखी. सुधारणा सांगितल्या की व्ही-टू, म्हणजे पॅचची दुसरी आवृत्ती, पाठवा, आणि काय बदललं ते ईमेलमधल्या तीन डॅशच्या रेषेखाली लिहा. तिथलं कमिटच्या इतिहासात जात नाही. ‘का’ मात्र रेषेच्या वर!