पडशी, ट्यूब आणि टोमॅटोचं क्रेट

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती जवळ आले की पुण्यामुंबईहून कोकणात निघालेल्या मोटरसायकली बघाव्यात. एकाच्या पाठीला सॅक, टाकीवर पिशवी आणि हँडलला दोन्हीकडे आणखी दोन पिशव्या. दुसऱ्याकडे तसलीच शंभर सीसीची गाडी आणि तेवढंच सामान, पण घाटातल्या वळणावर ती जराही डुलत नाही. या दुसऱ्यानं काही जास्त पैसे मोजलेले नसतात. त्यानं सामान नीट बसवलेलं असतं, एवढंच. ॲल्युमिनियमच्या पेट्या दिसायला झकास खऱ्या, पण त्यांच्या जोडीच्या किमतीत एखादी जुनी मोपेड येते. म्हणून आज बोलू ते स्वस्तातल्या उपायांबद्दल.

या कामातला खरा जाणकार म्हणजे आपला दूधवाला. चाळीस लिटरचा भरलेला कॅन चाळीस किलोच्या वर जातो. दूधवाला तो सीटवर उभा करत नाही. मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना, जमेल तितका खाली, सारख्या वजनाचा अडकवतो. वजन उंचावर असलं की वळणावर गाडी आडवी ओढली जाते. मागच्या आसाच्याही मागे गेलं तर पुढचं चाक हलकं होतं आणि हँडल हातात असून नसल्यासारखं वाटतं. अर्धा कॅन तर पूर्ण कॅनपेक्षा जास्त छळतो, कारण दूध हिंदकळतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, गाडीच शिकवते.

त्याची ही युक्ती आपल्याला पडशीनं साधते. दोन्हीकडे कप्पे आणि मधे सीटवरून जाणारा पट्टा, अशी पूर्वी घोड्यावर टाकायचे तीच. दोन जुन्या दप्तरांना मधे रुंद पट्टा शिवून घेतला तरी पडशी होते. त्यासाठी गाडीची सीट कव्हरं शिवणारा गाठा. तालुक्याच्या गावात एक तरी असतोच. त्याच्याकडे रेक्झिन असतं, जाड सुई असते आणि मशीनही दणकट असतं. डावीकडचा कप्पा साडी गार्डला टेकतो, त्यामुळे चाकात जात नाही. उजवीकडे मात्र सायलेन्सर आहे. तिथे कप्पा चार बोटं वर राहील असा पट्टा आखूड ठेवा, नाहीतर पहिल्याच घाटात कपडे भाजल्याचा वास येईल. पावसाची सोय आतून करा. खताच्या गोणीतली प्लास्टिकची पिशवी धुऊन कप्प्यात घाला, कपडे तिच्यात भरा आणि तोंड पिळून बांधा. बाहेरून गुंडाळलेलं प्लास्टिक वाऱ्यानं फडफडतं, फाटतं आणि चाकाकडे धावतं.

आता बांधायचं कशानं? हुकाची लवचीक दोरी सगळीकडे मिळते, पण मला ती आवडत नाही. ताणलेला हुक निसटला तर सरळ डोळ्यावर येतो. त्यापेक्षा पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब घ्या. तो फुकट देईल, फार तर चहा पाजावा लागेल. ट्यूब उभी चिरली की लांब पट्टा मिळतो. रबर गोणीलाही धरून राहतं आणि लोखंडालाही, त्यामुळे सामान सरकत नाही. उन्हानं त्याला बारीक भेगा पडायला लागल्या की टाकून द्या. जड सामानाला मात्र नायलॉनची दोरीच हवी, कारण रबर ताणतं आणि ओझं डुलायला लागतं. ट्रकचा क्लीनर ताडपत्री आवळताना दोरीतच एक फास करतो, त्यातून टोक ओढून घेतो आणि मग शेवटची गाठ मारतो. ती गाठ त्याच्याकडून एकदा शिकून घ्या. उरलेलं टोक लोंबत ठेवू नका, आत खोचा. मोकळं टोक चेनमध्ये किंवा चाकात गेलं तर मागचं चाक जागीच जाम होतं.

रोज माल नेणाऱ्यांसाठी टोमॅटोचं प्लास्टिक क्रेट उत्तम. नारायणगावच्या बाजारात त्यात वीस किलो टोमॅटो भरतात, म्हणजे ताकदीची शंका नको. कॅरिअरला ते चार जागी बोल्टनं बांधा. कॅरिअर फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेता येतं, पण ते नटबोल्टनं बसणारं हवं. गाडीच्या चासीला वेल्डिंग करू देऊ नका. नियमही ऐकून ठेवा. २०२० साली केंद्राने दुचाकीवरच्या डब्याचं माप ठरवून दिलं: लांबी ५५, रुंदी ५१ आणि उंची ५० सेंटीमीटरपर्यंत. मागच्या माणसाच्या जागेवर डबा असेल तर मग माणूस बसवायचा नाही. मागचा दिवा आणि नंबर प्लेट झाकली जाणार नाही, हेही बघायचं.

वजनाचा हिशेब तर कुणीच करत नाही. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाडीची पुस्तिका उघडा, साधारण १३० किलोच्या आसपासचा आकडा दिसेल. त्यात तुम्हीही आलात. पासष्ट किलोची दोन माणसं बसली की गाडी भरली, मग नारळाचं पोतं कुठे ठेवायचं? एकटेच असाल तर मागच्या माणसाचं वजन सामानाला मिळतं. अशा वेळी मागच्या टायरमध्ये दोन माणसांसाठी लिहिलेली हवा भरा आणि शॉकॲब्सॉर्बर पान्यानं एक-दोन खाचा कडक करा. हे दोन्ही जवळपास फुकटात होतं.

निघण्याआधी हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा, टाकीवरची पिशवी अडते का ते कळेल. हँडलला मात्र काहीही लटकवू नका, कोथिंबिरीची जुडीसुद्धा. गाडी थरथरत असते, त्यामुळे गाठी सैल होतातच. दहा-पंधरा किलोमीटरवर पहिला चहा घ्या आणि सगळं पुन्हा आवळा. आणि सामान उतरवल्यावर रिकामे पट्टे कॅरिअरला तसेच सोडून परत निघू नका. सोडा, गुंडाळा आणि पडशीत टाका. नमस्कार.