राजपुत्र, 60 मिनिटं आणि पांढरा उंदीर

श्रोतेहो, नमस्कार.

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी, ऑफिसात किंवा क्लासमध्ये कॉम्प्युटर आला होता, त्यांना नुसतं 'प्रिन्स' म्हटलं तरी पुरतं. पांढऱ्या कपड्यातला राजपुत्र, अंधारं तळघर आणि हाताशी फक्त 60 मिनिटं. पूर्ण नाव 'प्रिन्स ऑफ पर्शिया'. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही, त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. सुलतान लढाईवर गेलाय. मागे त्याचा वजीर जाफर राज्य बळकावून बसलाय. राजकन्येला त्यानं तासाभराची मुदत दिलीय, माझ्याशी लग्न कर, नाहीतर मर. तिचं ज्याच्यावर मन आहे तो पोरगा तळघरात कैद आहे. तिथून निघायचं, बारा लेव्हल पार करायच्या आणि तिच्यापर्यंत पोचायचं. 60 मिनिटांत. आणि ही 60 मिनिटं म्हणजे खरीखुरी, भिंतीवरच्या घड्याळातली बरं का. स्पेसबार दाबला की किती उरली ते पडद्यावर दिसायचं. ही 60 मिनिटं ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहेत.

खेळ आला 1989 साली, आधी ॲपल टू नावाच्या कॉम्प्युटरवर. आपल्याकडे जो पोचला तो डॉसवरचा, म्हणजे तेव्हाच्या साध्या पीसीवर चालणारा, 1990 चा. बनवणारा जॉर्डन मेकनर, तेव्हा पंचविशीतला तरुण. आणि बनवला कसा? त्यानं आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला लावलं, उड्या मारायला लावलं, कठड्याला लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि एकेक चित्र त्यावरून काढलं. तलवारबाजीच्या चाली त्यानं 1938 च्या रॉबिन हूडच्या चित्रपटावरून उचलल्या. संगीत त्याच्या वडिलांचं. म्हणून तो राजपुत्र माणसासारखा पळतो. थांबायला सांगितलं तर जागच्या जागी थांबत नाही, दोन पावलं घसरतो. उडी चुकली तर बोटांनी कडा पकडतो. त्या काळात बाकी खेळांतली बाहुली टुणटुण उड्या मारायची, आणि हा मात्र धापा टाकणारा जिवंत पोरगा वाटायचा. दोन मजले पडला तर एक जीव कमी, तीन मजले पडला तर खलास. शिफ्ट दाबून एकेक पाऊल टाकलं तर जमिनीतून निघणाऱ्या भाल्यांमधूनही सुखरूप जायचा. आम्ही तर त्या आवळणाऱ्या दातेरी दाराला 'कात्री' म्हणायचो आणि कात्रीपुढे सगळ्यांचा श्वास अडकायचा.

आता नागपूरकडे येतो.

आमचा मामा तिथल्या महाल नावाच्या वस्तीत राहायचा. लग्नपत्रिका, बिलबुकं अशी छपाईची कामं घ्यायचा, म्हणून त्याच्याकडे कॉम्प्युटर. मशीन तापू नये म्हणून ते ठेवलं होतं कूलरच्या खोलीत. मे महिन्यातलं नागपूर, पारा 45 च्या वर, आणि घरात कूलर एकच. म्हणजे दुपारी अख्खं घर त्याच खोलीत. जाता जाता सांगतो, कूलरला वाळ्याच्या ताट्याच हव्यात. लाकडाच्या छिलक्यांची गवताळ जाळी लावतात हल्ली, त्यात गारवा असेल, पण तो वास नाही. पहिलं पाणी पडल्यावर ताट्यांचा जो वास सुटतो, त्यासाठी उन्हाळा सोसायची माझी तयारी आहे.

तर त्या वासात आम्ही चार-पाच पोट्टे कॉम्प्युटरपुढे. कीबोर्ड दादाकडे, म्हणजे माझा मोठा मामेभाऊ, कारण फ्लॉपी त्यानं आणलेली. मॉनिटर पांढरा-काळा. याची एक गंमत होती. खेळात बाटल्या असतात, लाल बुडबुड्यांची प्यायली तर जीव वाढतो, निळ्या बुडबुड्यांची प्यायली तर एक जीव कमी होतो. आम्हाला दोन्ही राखाडी! त्यामुळे कुठल्या लेव्हलला कुठली बाटली बाधते हे पाठ करावं लागायचं, आणि ते आम्ही पाढ्यांपेक्षा लवकर पाठ केलं होतं.

आणि मागे खाटेवर आजी. अडकित्त्यानं सुपारी कातरत बसायची. आम्ही समजायचो तिला यातलं काही कळत नाही. पण ती सगळं बघायची. दोन लेव्हलच्या मध्ये कधी कधी राजकन्येचं दृश्य यायचं, महालात ती एकटी आणि बाजूला वाळूचं घड्याळ. आम्हाला कुठला धीर? कुठलंही बटण दाबलं की दृश्य संपायचं, की लगेच पुढची लेव्हल. आजी दर वेळी म्हणायची, "थांब न रे बाबू, त्या पोरीचं काय झालं ते तर पाहू दे." दादा थांबायचा नाही.

आता आठवी लेव्हल. आठव्या लेव्हलला आम्ही अडलो ते अडलोच. काय व्हायचं, मोठ्या खटपटीनं तुम्ही पाय पडला की बाहेरचं दार उघडणाऱ्या फरशीपर्यंत पोचता, दार उघडतं, आणि परतीच्या वाटेवरचं जाळीचं फाटक बंद झालेलं असतं. तुम्ही अलीकडे, वाट पलीकडे. फाटक उघडणारी फरशी अलीकडे कुठेच नाही. आम्ही उड्या मारून छत ठोकलं, भिंती चाचपल्या, एकेका फरशीवर नाचलो. काही नाही. दादा चिडून म्हणाला, "फ्लॉपीच खराब आहे बे."

एका दुपारी असेच अडकून बसलो होतो, तेवढ्यात मामीनं हाक मारली, पानं वाढली म्हणून. दादानं खेळ बंद केला नाही, थांबवलाही नाही. अडकलेलाच आहे तर राहू दे उभा, म्हणून सगळे उठलो. आजीचं जेवण आधीच झालेलं, ती खाटेवरच. आम्ही पहिला घास घेतो न घेतो तोच आजी स्वयंपाकघराच्या दारात. म्हणाली, "अवं, उंदीर आला होता. पांढरा."

श्रोतेहो, मामीनं फक्त 'उंदीर' ऐकलं. त्या खोलीत मामाच्या कोऱ्या कागदांची रिमं रचलेली होती, गिऱ्हाइकाच्या पत्रिका छापायच्या होत्या, आणि कागदात उंदीर शिरला म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. मामा ताटावरून उठला. माळ्यावरचा पिंजरा खाली आला. खाट सरकवली, रिमं उचलली, कूलरच्या मागे झाडू फिरवला. आजी मध्ये उभी राहून सांगतेय, "अरे घरात नाही रे! त्या डब्यात! त्यानं फाटक उघडलं!" आणि ऐकतंय कोण? दादानं एकदा पडद्याकडे पाहिलं. राजपुत्र तिथेच उभा, फाटक बंद. त्या खेळात फाटक उघडलं तरी थोड्या वेळानं आपोआप खाली येतं, हे आम्हाला ठाऊक होतं, पण त्या क्षणी कुणाच्या डोक्यात आलं नाही. दादा हसत म्हणाला, "आजी, कॉम्प्युटरमध्ये उंदीर नसते."

रात्री मामीनं पिंजऱ्यात भजं लावलं. उंदराच्या पिंजऱ्यात भजं लावू नये, हे माझं ठाम मत आहे. मऊ पडतं आणि उंदीर ते ओढून मोकळा होतो. सुकं खोबरं, तेही तव्यावर जरा भाजून, आकड्याला दोऱ्यानं बांधून. पण ते असो. सकाळी पिंजरा रिकामा, भजं जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजीनं खाट सोडली आणि दादाच्या शेजारी खुर्ची ओढून बसली. दादानं कंट्रोल आणि जी दाबून सातवी लेव्हल साठवून ठेवली होती, तिथून सुरुवात केली. सातवी संपली, राजकन्येचं दृश्य आलं, दादाचं बोट बटणाकडे गेलं आणि आजीनं त्याचा हातच धरला. "पाहू दे." पहिल्यांदा आम्ही ते दृश्य पूर्ण पाहिलं. राजकन्या जमिनीवर बसलेली, समोर इवलासा पांढरा उंदीर, आणि तो उंदीर तिच्याजवळून निघून जातो. आजी म्हणाली, "हाच तो."

खोलीत कूलरच्या घरघरीशिवाय आवाज नाही. दादा आठव्या लेव्हलमध्ये चढला, शिपायांना मारलं, दार उघडलं, त्या फाटकाशी येऊन अडकला. आजी म्हणाली, "आता हात काढ त्याच्यावरून. काही करू नको."

आता आठवा ती 60 मिनिटं. पहिल्या लेव्हलपासून तो खेळ तुमच्या पाठीला लागलेला असतो, पळा, पळा, वेळ जातोय. अशा खेळात हात मांडीवर घेऊन नुसतं उभं राहायचं! मला तर घाम फुटला. दादाचा पाय हलत होता. आजी शांत.

आणि उंदीर आला.

पडद्याच्या कडेनं, नखाएवढा, तुरुतुरु पळत आला. फाटकापलीकडच्या फरशीवर चढला, आणि खडखड करत फाटक वर गेलं. उंदीर आल्या वाटेनं परत. आम्ही सगळे एकदम ओरडलो. इतके, की मामा धावत आला, त्याला वाटलं कागदातला उंदीर सापडला. आणि या गोंधळात दादाचे हात अजून मांडीवरच! फाटक एकेक दात खाली यायला लागलं. "पळ नं बे!" असं मी ओरडलो की आजी, आजही घरात वाद आहे. दादा पळाला, राजपुत्र फाटकाखालून निसटला.

आजीनं फक्त एवढंच म्हटलं, "कालपासून सांगून राहिली मी."

मी पुढे खूप खेळ खेळलो, आजचे झगमगीत खेळही आवडीनं खेळतो. पण घाईची सवय लावून मग वाट बघायला लावणारी अशी जागा मला फार थोड्या खेळांत भेटली. वाट बघायची, आणि उत्तर मात्र आधीच दाखवून ठेवलेलं, ज्या दृश्यावरून सगळे बटण दाबून पळतात त्या दृश्यात. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की खेळातली गोष्ट कापायचं बटणच नसावं. सिनेमाच्या थेटरात असतं का?

थोडं या खेळातल्या सावलीबद्दलही सांगतो. चौथ्या लेव्हलला एका आरशातून उडी मारावी लागते, आणि आरशातून राजपुत्राचीच सावली बाहेर पडून पळून जाते. पुढे तीच त्याला नडते, एकदा बाटली पळवते, एकदा फाटक पाडते. ती सुचली अडचणीतून. कॉम्प्युटरची मेमरी भरलेली, नव्या शत्रूचं चित्र ठेवायला जागा नाही. मग मेकनरनं राजपुत्राचंच चित्र किंचित सरकवून स्वतःवर चढवलं, आणि झाला चमचमता शत्रू तयार. शेवटच्या लेव्हलला ती तलवार घेऊन समोर येते. तिला मारलेला प्रत्येक वार राजपुत्रालाही लागतो. तलवार म्यान केली की तीही म्यान करते, आणि दोघं धावत येऊन एक होतात. हे कोडं दादानं स्वतः सोडवलं, त्याचं श्रेय त्याला.

खेळाचा मूळ प्रोग्रॅम पुढे बरीच वर्षं हरवलेलाच होता. 2012 साली मेकनरच्या वडिलांना कपाटात मागच्या बाजूला फ्लॉप्यांचा एक खोका सापडला, त्यात तो निघाला, आणि मेकनरनं तो सगळ्यांसाठी खुला केला. तेव्हा श्रोतेहो, माळ्यावरच्या जुन्या फ्लॉप्या रद्दीत देऊ नका.

आमचा खेळ संपला त्याच उन्हाळ्यात, शाळा उघडायच्या आधी. जाफर पडला, वेळ थांबली, राजपुत्र राजकन्येच्या खोलीत पोचला. त्या दुपारी मामीही हातातलं काम टाकून येऊन उभी होती. दोघांची गळाभेट झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या, दादा उठायला लागला. आजी म्हणाली, "बस खाली. अजून कोणी यायचं राहिलं आहे."

आणि खरंच, त्या दोघांच्या पायाशी तो पांढरा उंदीर धावत आला आणि मागच्या पायांवर ताठ उभा राहिला. आजीनं मामीला कोपरानं ढोसलं, "पाह्य, याच्यासाठी पिंजरा लावला होता तू!"

नमस्कार.