पाणी किती फुटांवर आलं की काय उचलायचं

श्रोतेहो, नमस्कार. बडोद्यातली आपली वाचनालयं, शाळा, पतपेढ्या आणि मंडळं यांच्या पूरतयारीबद्दल आज बोलू या.

विश्वामित्री नदी पावागडाकडून येते. म्हणून शहरात पाऊस थांबला, ऊन पडलं, तरी वरचा पाऊस आणि आजवा धरणाचं पाणी मागाहून येत राहतं. काळा घोडा पुलापाशी धोक्याची पातळी २६ फूट आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये पाणी ३५ फुटांच्याही वर गेलं होतं.

बहुतेक संस्थांच्या कागदावर ‘पूर आल्यास सामान हलवावे’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यावर रात्री दोन वाजता कोणी हलत नाही. आकडा लिहा आणि नाव लिहा. उदाहरणार्थ, १८ फुटांवर शिपाई आणि चिटणीस दोघांनी पोहोचायचं, २२ फुटांवर तळमजल्यावरची दप्तरं वर गेलेली हवीत. किल्ल्या दोघांकडे हव्यात, आणि त्यातला एक नदीच्या दुसऱ्या काठावर राहणारा असावा. पूल बंद झाले की एकटा किल्लीवाला पलीकडे अडकतो.

उचलण्याचा क्रमही आधीच ठरवा: सभासद नोंदवही, ठेवींची खाती, मालमत्तेचे दस्त, मग संगणक. खुर्च्या भिजल्या तर भिजू द्या. दस्तांची स्कॅन प्रत बडोद्याबाहेर ठेवा.

पाणी पहिल्यांदा दारातून येईलच असं नाही. गटार तुंबलं की ते संडासातून आणि मोरीच्या जाळीतून उलटं वर येतं. तिथे वाळूच्या पिशव्या दाबून ठेवा. पिशवी अर्धीच भरा. गच्च भरलेली घट्ट बसत नाही, फटींतून पाणी शिरतं. दाराशी प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्या विटांसारख्या सांधेमोड करून रचा.

मेन स्विच पाणी शिरण्याआधी, कोरड्या पायांनी बंद करा. इन्व्हर्टरची बॅटरी वर न्या. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद ठेवा. तळघरात जनरेटर असेल, तर नेमका गरजेच्या वेळी तोच बुडतो. त्याची जागा याच उन्हाळ्यात बदला. पूर ओसरल्यावर वायरमनने मेगर (वायरींचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासल्याशिवाय वीज सुरू करू नका. आवारात शिरताना मगर आणि सापांचं भान ठेवा, अंधारात तर मुळीच जाऊ नका.

ओल्या वह्यांची पानं ओढून सुटी करू नका, उन्हातही टाकू नका. साधारण ४८ तासांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल, तर एकेक वही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून डीप फ्रीझरमध्ये ठेवा. गोठलेला कागद थांबून राहतो, मग सवडीने थोड्या थोड्या वह्या काढून पंख्याखाली, पानांत टीपकागद घालून वाळवता येतात. असा फ्रीझर कोणत्या दुकानदाराकडे मिळेल, हे जूनपूर्वीच विचारून ठेवा.