टनाचा खर्च आणि ग्रॅमची विक्री
(रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

आज समोर बसलेल्यांपैकी काहींच्या चिऱ्याच्या खाणी आहेत, म्हणून सोन्याच्या खाणीचा खर्च समजून घेताना तिथूनच सुरुवात करतो. वरची माती काढणे, डिझेल, मजुरी, मशीनची पाती असा सगळा खर्च मांडून खाणवाला त्याला गाडीत चढलेल्या अखंड चिऱ्यांच्या संख्येने भागतो. फुटलेल्या चिऱ्यावर झालेला खर्चही अखंड चिऱ्यालाच सोसावा लागतो. सोने खणणाऱ्या छोट्या कंपनीचा उत्पादनखर्च काढण्याची रीत याहून वेगळी नाही. मात्र तिथे एक टन दगड फोडून, दळून आणि सायनाइडच्या द्रावणातून काढून हाती तीन-चार ग्रॅमच लागतात. खर्च टनावर होतो आणि विक्री ग्रॅमवर, त्यामुळे भाजक किंचित हलला तरी सगळा हिशेब हलतो.

केवळ समजण्यासाठी एक कल्पित खाण घेऊ. दगड काढण्यापासून कारखान्यातील प्रक्रिया आणि कचेरीपर्यंत टनामागे १८,००० रुपये खर्च येतो, ग्रेड, म्हणजे दगडातील सोन्याचे प्रमाण, टनाला ४ ग्रॅम आहे आणि त्यातले ९० टक्के सोने हाती येते. म्हणजे ३.६ ग्रॅम, आणि ग्रॅमला ५,००० रुपये खर्च. आता दगडातली सोन्याची शीर अरुंद असल्यामुळे दर तीन टन खनिजासोबत बाजूचा एक टन वांझ दगडही निघू लागला, असे समजा. ग्रेड ३ वर आली, हाती २.७ ग्रॅम उरले, आणि टनाचा खर्च एका पैशानेही न वाढता ग्रॅमचा खर्च सुमारे ६,६६७ रुपये झाला. भूगर्भातील साठ्याची ग्रेड आणि कारखान्यात पोहोचणाऱ्या दगडाची ग्रेड यांत हे अंतर असते, आणि छोट्या कंपन्यांच्या माहितीपत्रकात बहुधा पहिलाच आकडा ठळक छापलेला असतो.

दुसरी गफलत ‘कॅश कॉस्ट’, म्हणजे फक्त रोजचा चालू खर्च, या शब्दात आहे. आंब्याच्या पेटीचा खर्च धरताना फवारणी, तोडणी आणि वाहतूकच धरली, पण नवीन कलमे आणि कुंपण सोडून दिले, तर बाग कागदावर नेहमीच फायद्यात दिसेल. खाणीत नवे बोगदे, यंत्रांची बदली आणि पुढच्या साठ्याचा शोध हे खर्च असेच बाहेर राहत. म्हणूनच वर्ल्ड गोल्ड कौन्सिल या सोने-खाण कंपन्यांच्या संघटनेने २०१३ मध्ये ते धरणारे व्यापक मोजमाप पुढे आणले. आपल्या उदाहरणात यासाठी टनामागे आणखी ५,४०० रुपये धरले, तर ग्रॅमचा खर्च ८,६६७ वर जातो. व्याज आणि कर अजून बाहेरच आहेत. शिवाय एखादे व्यवस्थापन फक्त श्रीमंत भाग उपसून दोन वर्षे खर्च कमी दाखवू शकते. आंब्याला मोहर आणणाऱ्या कल्टार या रसायनाचा अतिरेक करून आलेले भरघोस पीक ज्यांनी पाहिले आहे, त्यांना पुढे काय होते हे सांगण्याची गरज नाही.

विक्रीचा भाव १०,००० धरला, तर ग्रॅमला १,३३३ रुपये उरतात. भाव १० टक्क्यांनी उतरला की उरतात ३३३, म्हणजे नफ्याचे तीन भाग गेले आणि एक राहिला. भाव चढला तर हीच पट उलट दिशेने चालते, आणि छोट्या कंपन्यांच्या शेअरचे आकर्षण तिथेच असते. कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणी तीन किलोमीटरहून खोल गेल्या होत्या. तिथे दगड वर खेचणे, पाणी उपसणे आणि हवा पोहोचवणे हे खर्च बाजारभाव पडला म्हणून कमी होत नाहीत. १९०२ मध्ये कावेरीवरील शिवनसमुद्रमच्या जलविद्युत केंद्रातून तिथे वीज आणली गेली, तीही याच गरजेतून. २००१ मध्ये, जागतिक भाव औंसाला सरासरी २७० डॉलरच्या आसपास असताना, त्या बंद झाल्या. हा औंस ३१.१ ग्रॅमचा असतो, किराणा मालाच्या २८.३५ ग्रॅमच्या औंसाने भागणारे हिशेब मी पाहिले आहेत.

शेवटी शेअरची संख्या पाहा. पैसा कमी पडला की छोटी कंपनी नवे शेअर काढते; उत्पादन दीडपट आणि शेअर दुप्पट झाले, तर तुमच्या एका शेअरमागचे सोने पूर्वीच्या पाऊणच राहते.