मुलाखतीच्या खोलीत

टेबलाखालची ही बोटे सदऱ्याच्या बाहीचे टोक पुन्हा पुन्हा चोळत आहेत. हा उमेदवार स्वमग्न, म्हणजे ऑटिझम असलेला, आहे. "तुमच्याबद्दल थोडे सांगा," असे समोरच्यांनी म्हटले आहे आणि शिक्षण सांगायचे, स्वभाव सांगायचा की घरची माहिती द्यायची, याचा तो विचार करत आहे. त्या शांततेतच एका परीक्षकाचे पेन कागदावर टेकते. नजर भिडवली नाही, उत्तराला वेळ लागला, आवाज एकसुरी होता, अशा नोंदी होतात. जागा मात्र हिशेब तपासणाऱ्याची आहे आणि ते काम त्याला येते का, हे अजून कोणीही पाहिलेले नाही.

या दुसऱ्या खोलीत पद तेच आहे. येथे प्रश्न आदल्या दिवशी लेखी पाठवले होते, आता टेबलावर दोन छापील तक्ते ठेवले आहेत आणि त्यांतील तफावत शोधायला अर्धा तास दिला आहे. पेन्सिल रकान्यावरून सावकाश खाली सरकते, एका आकड्यापाशी थांबते, मागे जाते आणि त्याभोवती गोल काढते. कामाची पारख होते ती अशी, असे आम्हांला ठामपणे वाटते.

ही कोणाची मेहेरबानी नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाने २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचे २७वे कलम भरतीपासून बढतीपर्यंत भेदभावाला मनाई करते आणि कामाच्या ठिकाणी वाजवी सोय मिळेल हे पाहण्याची जबाबदारी सरकारांवर टाकते. मालकावर अवाजवी बोजा पडत नसतानाही अशी सोय नाकारणे, हाही या कराराच्या व्याख्येनुसार भेदभाव आहे.

नोकरी लागल्यावर समोर येते ते हे मोकळे, भिंती नसलेले कार्यालय. प्रिंटरची घरघर, मागे चाललेली फोनवरची बोलणी आणि जाता जाता तोंडी सांगितलेली तीन कामे. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकवणे अवघड जाण्याची अवस्था, असलेल्या माणसाच्या हातून यांतले तिसरे काम निसटू शकते, ते कागदावर लिहून दिले तर राहते. डिसलेक्सिया, म्हणजे वाचन-लेखन अवघड जाण्याची अवस्था, असलेल्या कर्मचाऱ्याला मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरची मदत होते. पण सोय मागायची तर डॉक्टरांनी केलेले आपले निदान उघड करावे लागते, आणि ते उघड झाल्यावर बढती अडेल या भीतीने कित्येक जण गप्प राहतात. काहींची नोकरी त्यातच जाते.

डोक्यावरची लुकलुकणारी ट्यूबलाइट बंद ठेवण्याची परवानगी या कर्मचारी महिलेने लेखी अर्ज करून मिळवली. आता ती टेबलावरचा दिवा लावते, कानांवर हेडफोन चढवते आणि कालची फाइल उघडते.